रिव्ह्यू: नव्या शिक्षकांसाठी ठाण्याच्या नौपाड्यातलं पाठ नियोजनाचं मार्गदर्शन

आधीच सांगते, पैसे वसूल आहेत. शाळेत लागून एखाद-दोन वर्षंच झालीयेत, एकेक तास छान घेता येतो पण सलग दहा-बारा तासांचा घटक घ्यायचा म्हटलं की मध्येच कुठेतरी धागा सुटतो, असं ज्यांचं होतंय त्यांनी नक्की जावं. सर्टिफिकेट हवंय, तयार फॉरमॅट हवाय, पीपीटी हवीय, त्यांनी मात्र जाऊ नये कारण यातलं तिथे काहीही मिळत नाही. खाली सविस्तर लिहितेय, थोडं लांबलंय, पण नवीन आलेल्या शिक्षकाला कोणाकडे पाठवायचं हा प्रश्न मला दर जूनमध्ये पडतो आणि बाकी शाळांतल्या पर्यवेक्षकांनाही पडत असणारच.

मी ऐरोलीच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत पर्यवेक्षिका आहे, गणित विज्ञान माझ्याकडे, आमच्याकडे सेमी इंग्लिश आहे. यंदा सहावीला गणितासाठी नवीन मुलगी लागली, बी.एड. नुकतंच झालेलं, हुशार आहे, पोरांशी छान बोलते, अक्षर सुंदर, टाचण वही (रोजच्या पाठांची टिपणं) तर अशी की इन्स्पेक्शनला बिनधास्त पुढे करावी. तिला या मार्गदर्शनाला पाठवलं आणि ते घेणाऱ्या बाईंनी हो म्हटलं म्हणून मीही सोबत बसले, त्यामुळे हा रिव्ह्यू शिकणारीच्या बाजूने पण आहे आणि नंतर तिला वर्गात बघणारीच्या बाजूने पण.

मार्गदर्शन करणाऱ्या बाई ठाण्यातल्याच एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्यात. नाव लिहीत नाही, त्यांना जाहिरात नकोय आणि ते बरोबरच आहे, पाच-सहा जणांच्या वर बॅच घेतच नाहीत. नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत राहत्या घरातला हॉल, एक लांब टेबल, खुर्च्या आणि भिंतीला खराखुरा फळा, डस्टर, खडू. रविवारी सकाळी असतं. फी आजकालच्या कोणत्याही ऑनलाइन कोर्सपेक्षा कमी आहे, बैठका संपल्यावर पण तुमचा एक अख्खा घटक वर्गात शिकवून होईपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर साथ मिळते आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे.

मुळात याची गरज का लागते ते सांगते. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, इंटर्नशिप दोन्ही वर्षांची मिळून वीस आठवड्यांची असते, तरी मी जी नवीन पोरं-पोरी बघते त्यांना सवय असते ती सुट्या पाठांची. आज सातवी ब ला एक पाठ, परवा आठवी अ ला दुसरा, मागे निरीक्षक बसलेत, प्रस्तावना झाली, हेतुकथन झालं, फलकलेखन नीट, शेवटी संकलन आणि गृहपाठ, पाठ पूर्ण. प्रत्येक पाठ स्वतःपुरता छान. पण खऱ्या नोकरीत पोरं तीच असतात, उद्याही तीच, परवाही तीच, आणि काल जे अर्धवट राहिलं ते घेऊन ती आज तुमच्यासमोर बसलेली असतात. एक तास कसा घ्यायचा ते कॉलेजात शिकवतात, पण पहिल्या तासातलं काय पाचव्या तासात लागणारे आणि ते लागेपर्यंत पोरांच्या डोक्यात टिकवायचं कसं हे कोणी हाताला धरून शिकवत नाही. शाळेत आम्ही काय देतो, वार्षिक नियोजनाचा तक्ता आणि घटक चाचणीची तारीख, झालं.

बाईंची पहिली अट फोनवरच कळते. तुमच्या इयत्तेचं पुस्तक तर आणाच, पण त्याच्या आधीच्या आणि पुढच्या इयत्तेचं पण आणा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात त्यामुळे खर्च काही नाही, पण बाईंना प्रिंट लागते, मोबाइलवर चालत नाही, कारण तिन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवायची असतात. दुसरी अट म्हणजे पोरांच्या खऱ्या वह्या आणा, चांगल्या निवडून नाही, एक हुशार एक मधली एक मागे पडलेली, नावावर कागद चिकटवून. टाचण वही आणा असं त्या म्हणतच नाहीत. आमच्या मुलीने हौसेने नेलेली, बाईंनी दोन पानं बघितली, छान अक्षर आहे गं म्हणाल्या आणि बाजूला ठेवली.

मग तिला विचारलं, "अपूर्णांक संपले त्या दिवशी तुझी पोरं काय करून दाखवतील?"

ती म्हणाली, बेरीज वजाबाकी गुणाकार भागाकार येईल.

"येईल म्हणजे काय? मला कसं कळणार येतंय ते? शेवटच्या दिवशी फळ्यावर कोणता प्रश्न लिहिशील तो आत्ता लिही."

यावर अर्धा तास गेला, खोटं नाही सांगत. कारण स्वाध्यायातलं एखादं गणित लिहिलं की बाई म्हणायच्या हे रीत पाठ करूनही सुटतं, रीत पाठ नसेल तरी सुटेल असा दे. शेवटी तिने लिहिलं की बाटलीत पाऊण लिटर सरबत आहे, एका ग्लासात एक अष्टमांश लिटर मावतं, तर किती ग्लास भरतील ते आधी चित्र काढून दाखवा मग भागाकार करून दाखवा आणि दोन्हीचं उत्तर एकच का आलं ते शेजारच्याला सांगा. उत्तर सहा. बाई खूश. आता म्हणे इथून मागे मागे ये, हे जमायला आदल्या दिवशी काय यायला हवं, त्याच्या आदल्या दिवशी काय. असं उलटं येत येत पहिल्या तासापर्यंत यायचं. बॅकवर्ड डिझाइन म्हणून जे ट्रेनिंगला ऐकवतात ते हेच, फक्त ट्रेनिंगला ते स्लाइडवर येतं आणि निघून जातं, इथे ते तुमच्याकडून तुमच्याच घटकावर, तुमच्याच वर्गासाठी करून घेतात.

उलटं आल्यावर एक गोष्ट लगेच उघडी पडली. सममूल्य अपूर्णांक, समच्छेद करणं हे पाचवीत झालेलं असतं, सहावीत ते येतंय असं धरून आपण क्रियांवर जातो, आणि आमच्या मुलीच्या आराखड्यात त्याला एकही तास नव्हता, उजळणी म्हणून दहा मिनिटं होती. बाईंनी वह्या उघडायला सांगितल्या. मधल्या पोराच्या वहीत १/२ + १/३ = २/५, लाल फुली, खाली बरोबर उत्तर ५/६ लिहून दिलेलं आणि पोराने ते तीनदा उतरवलेलं.

बाई म्हणाल्या, "यानं काय केलं ते सांग. चुकलं म्हणू नकोस, काय केलं ते सांग."

वरचे वर मिळवले खालचे खाली मिळवले.

"म्हणजे त्याला अपूर्णांक ही एक संख्या दिसतच नाहीये, एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या दिसतायत. आता लाल फुलीने हे जाईल? त्याला विचार, तुझ्याकडे अर्धी चपाती होती, मी अजून थोडी दिली, आता अर्ध्यापेक्षा जास्त झाली की कमी? मग दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?"

मी इतकी वर्षं शिकवतेय, हे उत्तर हजारदा बघितलंय, समच्छेद कर असं हजारदा सांगितलंय. पण मिळवल्यावर संख्या कमी कशी झाली हा प्रश्न पोरासमोर ठेवला की ते स्वतःच थबकतं, हे त्या टेबलावर जितकं स्वच्छ दिसलं तितकं कुठल्या ट्रेनिंगमध्ये दिसलं नव्हतं. आणि पुढचा मुद्दा तर त्याहून महत्त्वाचा. हा प्रश्न विचारायचा तर पोराला दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा लहान हे आधी कळायला हवं, म्हणजे तुलना आधी, म्हणजे संख्यारेषा त्याच्या आधी, म्हणजे समान भाग करणं त्याच्याही आधी. बघा, एका पोराच्या एका चुकीतून चार तासांचा क्रम ठरला. पोरं कुठे अडकतात हे बघून क्रम लावायचा, पुस्तकातल्या पानांचा क्रम तुम्हाला फक्त मुक्काम सांगतो, असं बाईंचं म्हणणं आहे आणि मला ते शंभर टक्के पटलं.

आराखड्याचं स्वरूप फारच साधं आहे. आडव्या पानावर घड्या घालून पाच रकाने. तास कितवा, पोरांना याआधी काय येतंय, आजचा एकच मुद्दा, तास संपताना विचारायचा एकच प्रश्न, आणि शेवटचा रकाना कोरा. तो कोरा रकाना वर्गातून बाहेर आल्यावर भरायचा, पोरांनी त्या प्रश्नाचं काय केलं ते, आणि त्यावरून उद्याच्या ओळीत पेन्सिलने बदल करायचा. पेनने आराखडा लिहिलेला बाईंना अजिबात चालत नाही. आणि दर चार तासांनंतर एक तास मोकळा ठेवायचा, त्यात काहीही लिहायचं नाही. यावर आमच्या बॅचमधले कळव्याचे एक सर वैतागले, म्हणाले बाई पोर्शन कसा संपवणार. बाईंनी कॅलेंडर काढलं आणि जुलैमधली पावसाची सुट्टी, दहीहंडीचा दुसरा दिवस जेव्हा अर्धा वर्ग गायब असतो, गणपती, गॅदरिंगची प्रॅक्टिस, सरांची स्वतःची बीएलओ ड्युटी (मतदार यादीचं काम) सगळं त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. मोकळा तास तुम्ही ठेवला नाही तरी तो जाणारच आहे, फक्त तुमच्या मनाविरुद्ध आणि नको त्या जागी जाईल.

कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हायला हवं, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे ते. त्याच कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत आणि त्यात तयारीचा वेळ पण मोजलाय. बाई हे मुद्दाम सांगतात कारण नवीन शिक्षकांना वाटतं की नियोजन हे रात्री जेवणं झाल्यावर घरी करायचं काम आहे. तयारी हा नोकरीचाच भाग आहे, ऑफ तासाला करायची, आणि पर्यवेक्षकाने त्या ऑफ तासाला सारखं दुसऱ्या कोणाच्या वर्गावर बदली म्हणून पाठवू नये. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला ते अगदी योग्य वाटलं. आठवड्यातले दोन ऑफ तास नवीन शिक्षकांचे पक्के राहतील असं आता आमच्या शाळेत टाइमटेबलमध्येच घालून घेतलंय, मुख्याध्यापकांना पटवायला थोडा वेळ गेला पण झालं.

आता प्रत्यक्ष वर्गात काय झालं ते. कागदाच्या पट्ट्यांचा तास मी मागे बसून बघितला. आमच्या मुलीचा आधीचा विचार होता की पोरांना कागद देऊन घड्या घालायला सांगू, दोन भाग, तीन भाग, चार भाग. बाईंनी बैठकीतच तिला स्वतःला करायला लावलं आणि तीन सारख्या घड्या पडेनात, एक भाग मोठा एक लहान. सहावीच्या पोरांच्या हातात तर भांडणंच झाली असती आणि समान भाग हा मुद्दाच बुडाला असता. मग बाईंनी सांगितलं पट्टी बरोबर १२ सेंटिमीटरची काप आणि पोरांना घडी घालायला लावू नकोस, मोजपट्टीने खुणा करायला लाव. बाराला दोन, तीन, चार, सहा सगळ्यांनी भाग जातो. वर्गात हे अगदी सुरेख झालं. एकाखाली एक चार पट्ट्या वहीत चिकटवल्या, अर्ध्याची खूण आणि तीन षष्ठांशाची खूण एका उभ्या रेषेत आली, तर एक मुलगी मागच्या बाकावरून ओरडली, टीचर हे दोन चतुर्थांशाच्या पण खालीच येतंय. सममूल्य अपूर्णांक हा शब्द फळ्यावर यायच्या आधी पोरीला ती गोष्ट दिसली होती. नंतर १/२ + १/३ आलं तेव्हा पोरं स्वतःच सहाची पट्टी शोधायला लागली, तीन घरं आणि दोन घरं मिळून पाच घरं, पाच षष्ठांश. लसावि काढायची रीत त्याच्या पुढच्या तासाला आली आणि तोपर्यंत ती कशासाठी आहे हे माहीत होतं.

वस्तू, मग चित्र, मग चिन्ह हा क्रम काही बाईंचा शोध नाही. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या विचारांमधून तो आलाय, बी.एड.ला सगळ्यांनी वाचलेलाच असतो. पण एका तासात तिन्ही उरकायचे की चार तासांत पसरायचे हे ठरवणं म्हणजेच नियोजन, आणि नवीन माणूस हमखास एका तासात उरकतो कारण त्याला प्रत्येक पाठ पूर्ण दिसायला हवा असतो. तास अपुरा सोडायला धीर लागतो. पुढच्या तासासाठी एक प्रश्न लटकत ठेवून बाहेर पडायचं, मागे कोणी निरीक्षक असला तरी.

विसरण्याचं पण तसंच. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिलं की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि पुन्हा पुन्हा अंतर ठेवून बघितलं तर टिकतं. बाईंच्या आराखड्यात यासाठी वेगळा रकाना नाही, फक्त नियम आहे की तासाची पहिली पाच मिनिटं आजच्या विषयाची नाहीत, एक प्रश्न कालचा आणि एक प्रश्न मागच्या आठवड्यातला. फळ्यावर लिहून ठेवायचा, हजेरी होईपर्यंत पोरांनी वहीत सोडवायचा. आमच्याकडे आता सहावीच्या दोन्ही तुकड्यांना हे चालू आहे.

व्हॉट्सअ‍ॅपची साथ म्हणजे काय ते पण लिहिते कारण याबद्दल मला आधी शंका होती. तासानंतर त्या तीन वह्यांचे फोटो टाकायचे, नाव झाकून, आणि तो कोरा रकाना कसा भरला तो फोटो. संध्याकाळी बाईंचा व्हॉइस मेसेज येतो, दोन-तीन मिनिटांचा. त्यात हे कर ते कर असं जवळजवळ नसतंच, प्रश्नच असतात. हा मुलगा बेरीज बरोबर करतो पण संख्यारेषेवर सात चतुर्थांश एकच्या आत दाखवतो, याला अंशाधिक अपूर्णांक म्हणजे काय वाटत असेल? उद्याच्या तासात याला बोलायची संधी कुठे आहे? एवढंच. आमच्या मुलीला सुरुवातीला त्रास झाला, म्हणायची मॅडम सरळ उत्तर का नाही देत. पण हळूहळू ती तेच प्रश्न स्वतःला विचारायला लागली आणि तिचा तो शेवटचा रकाना भरत गेला, आधी नुसतं "समजलं" "नाही समजलं" असायचं, आता कोणी काय म्हटलं ते लिहिलेलं असतं. मार्गदर्शनाचा उपयोग झाला की नाही हे मला कोणी विचारलं तर मी तो रकाना दाखवीन.

ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्या पण सांगायला हव्यात. सगळ्यात मोठी म्हणजे पोरं मागे राहिली तर थांबा, स्वाध्यायातली काही गणितं गाळा, घटक लांबला तरी चालेल असं बाई सहज सांगतात. त्या स्वतः मुख्याध्यापिका होत्या, त्यांच्या शाळेत ते जमलं असेल. जिथे तीन तुकड्यांची घटक चाचणी एकाच दिवशी, एकाच पेपरने होते तिथे एका तुकडीची टीचर स्वतःच्या मनाने थांबू शकत नाही, तिच्या पोरांचेच मार्क जातात आणि पालक पहिला फोन तिला करतात. यावर बैठकीत माझी आणि बाईंची बरीच चर्चा झाली. त्यांनी ऐकून घेतलं पण त्यांचं म्हणणं सोडलं नाही. शेवटी आम्ही शाळेत जे केलं ते असं की चाचणीची तारीख तीच ठेवली, भागाकाराचे दोन तास कमी केले आणि उरलेलं दशांश अपूर्णांकांच्या घटकात घेतलं, कारण दशांश म्हणजे छेद १०, १०० असलेले अपूर्णांकच, तिथे तोच विषय पुन्हा येतोच. नवीन शिक्षक एकटा आला असेल आणि शाळेतून पाठीशी कोणी नसेल तर ही वाट त्याला कोण दाखवणार हा प्रश्न राहतो. म्हणून माझं मत आहे की पर्यवेक्षकाने निदान एका बैठकीला तरी सोबत जावं.

दुसरं, गणित-विज्ञानाला हे फार छान बसतं, भाषेला तितकं नाही. आमच्या बॅचला सातवीला मराठी शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांना कवितेच्या पाठांचा क्रम लावायचा होता. बाईंनी त्यांनाही शेवटचा प्रश्न आधी लिहायला लावला, पण कविता ऐकल्यावर पोरं काय म्हणतील हे आधीच ठरवून ठेवलं तर ती कविता उरत नाही असं त्या मॅडमचं म्हणणं होतं आणि मला त्यांचंच बरोबर वाटलं. निबंधलेखनाला, व्याकरणाला मात्र चाललं, विरामचिन्हांचा त्यांचा आराखडा तर अप्रतिम झाला. इतिहास-भूगोलवाल्यांचा अनुभव मी बघितलेला नाही. पहिली दुसरीच्या शिक्षकांना बाई स्वतःच नाही म्हणतात, तो माझा प्रांत नाही म्हणतात.

सेमीवाल्यांसाठी एक सूचना. बाई पूर्ण मराठीत बोलतात, अंश, छेद, गुणाकार व्यस्त असंच. आमच्या पोरांच्या पुस्तकात न्यूमरेटर डिनॉमिनेटर आहे. अडचण फार नाही, उलट पोरांना आधी मराठीत बोलू द्या, मग इंग्रजी शब्द द्या हा त्यांचा सल्ला उपयोगी पडला, पण इंग्रजी माध्यमातूनच शिकलेल्या नवीन शिक्षकांना पहिली बैठक जड जाईल.

कागदपत्रांचं आधीच लिहिलं तसं, सर्टिफिकेट नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, शाळा त्याचे पुरावे मागतात, तिथे हे दाखवता येणार नाही. फीची पावती मागितली तर देतात, आपणहून देत नाहीत. कोणतीही छापील नोट देत नाहीत, सगळं तुमच्या हाताने तुमच्या वहीत. मला हे आवडलं पण नाव नोंदवायच्या आधी माहीत असलेलं बरं.

जायचं कसं ते. नवी मुंबईतून ट्रान्स हार्बरने ठाण्याला आलात तर गाडी लागते ती स्टेशनच्या पूर्वेकडच्या बाजूला, पूल चढून पार पश्चिमेला यावं लागतं, तिथून नौपाडा चालत जाण्यासारखं आहे, रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. रविवारी मेगाब्लॉक कधी ट्रान्स हार्बरवर असतो, शनिवारीच बघून ठेवा, बाई वेळेच्या पक्क्या आहेत आणि सुरुवातीलाच वह्या उघडतात, उशिरा आलात तर तुमच्या वह्यांचा नंबर शेवटी. गाडी घेऊन येऊ नका, त्या गल्लीत पार्किंग मिळत नाही. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी सांगा, त्या खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे सोय करतात असं ऐकलंय.

नवीन बॅच दिवाळीच्या सुट्टीनंतर घेणार आहेत. तोपर्यंत दुसऱ्या सत्रातला एक घटक निवडून ठेवा, शक्यतो तो ज्यात पोरं दरवर्षी अडकतात. आम्ही आमच्या विज्ञानाच्या नव्या सरांना पाठवतोय, विद्युतधारेचे तास त्यांना लावून घ्यायचेत, आणि सर्किटची चित्रं काढलेल्या पोरांच्या वह्या आत्तापासून जमवायला सांगितल्यात. बल्बला एकच वायर जोडलेली चुकीची चित्रं त्यात बरीच निघतील, ती टाकू नका असं मुद्दाम सांगितलंय, बाईंना तीच लागतात.